गुंतवळाची मूठ

लग्नानंतरचा माझा तो पहिलाच ऊसतोडीचा हंगाम. गावाकडे पाऊस नव्हता, विहिरींनी तळ गाठला होता. म्हणून मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं बैलगाडी घेऊन नेवाशाजवळच्या फडावर येऊन पडलो होतो. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणत. नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने मोळी बांधायची. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या कोपीवर, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीवर राहून भाकऱ्या करायच्या, बैलं बघायच्या.

ऐन हंगामात भरल्या गाडीचं चाक नवऱ्याच्या पायावरून गेलं. टोळीचा मुकादम कोपीपाशी येऊन म्हणाला, "तोडनारा न्हाई तर कोयता कसला? गाडी जुंपा अन् गावाकडं जावा."

गावाकडे जाऊन खायचं काय, ते त्या शहाण्याने सांगितलं नाही. आत्याबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तोडनारी हाय. उद्या फडात बघा."

ती तोडणारी म्हणजे मी, हे मलाही तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी माझी पुरती फजिती झाली. नवऱ्याच्या हाताने घासून घासून कोयत्याची लाकडी मूठ काचेसारखी गुळगुळीत झालेली. त्यात पाचटावरचं दव आणि उसाचा रस. घाव घातला की कोयता हातातल्या हातात फिरायचा. मुठीला राख चोळली, तर तिचा चिखल झाला. चिंधी गुंडाळली, ती भिजून सरकली आणि पातं माझ्या पोटरीला चाटून गेलं. मुकादम बांधावरून बघत होता. "उद्याच्या दिस बघतो, मग जुंपा," म्हणाला. रक्तापेक्षा मला त्याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी आत्याबाईंनी कोयता मागून घेतला. कोपीच्या कुडात खोचलेला गुंतवळ काढला. विंचरताना गळालेले आम्हा दोघींचे केस त्या तिथे साठवत. सुया-पोत विकणारी बाई आली की त्यावर सुया घ्यायच्या. त्यांचे पांढरे, माझे काळे. मांडीवर वळून त्यांनी त्याची दोरी केली, पाण्यात भिजवली आणि मुठीवर वेढ्याला वेढा लावून आवळत गेल्या. मध्येच माझी बोटं मुठीवर ठेवून बघत. जिथे हात संपला, तिथे त्यांनी जाड वेढे दिले.

"केसाला पानी लागलं तरी सटकत न्हाई. वाळला की आजून आवळतो," एवढंच बोलल्या. अशी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

सकाळी कोयता हातात घट्ट बसला. मोळ्या बांधायला आत्याबाई स्वतः माझ्या मागून आल्या. मुकादम आला, थांबला, तंबाखू मळली आणि पुढे गेला. गाडी जुंपायचं नाव त्याने परत काढलं नाही.

हंगाम सरत आला तेव्हा नवरा पुन्हा पायावर उभा राहिला. फडात येऊन त्याने माझ्या हातून कोयता घेतला आणि केसांची दोरी नखाने उकलायला लागला.

"त्याला हात लावू नगंस," आत्याबाई म्हणाल्या. "कोयता तिचा हाय. तू मोळ्या बांध."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी उसाकडे बघितलं. त्या दिवशी साऱ्या टोळीदेखत माझ्या नवऱ्याने मोळ्या बांधल्या.