नागावकरांचा शनिवार

ऑफिसातलं काम विसरायला होतं, किस्से मात्र साचत जातात. खराडीत नवे टॉवर उठत होते त्या वर्षांत आम्ही रात्रंदिवस लिहिलेलं सॉफ्टवेअर केव्हाच भंगारात गेलं असेल, पण नागावकरांचे किस्से अजून चहाबरोबर निघतात. आणि सांगताना आमची कॉलर ताठ! आपल्या टीमचा माणूस ना!

नागावकर आमचे टीम लीड. बोलणं अस्सल मराठी, धर्माने बेने इस्रायली ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवार संध्याकाळपर्यंत त्यांचा शब्बाथ. काम बंद म्हणजे बंद!

*

पहिल्याच महिन्यात मॅनेजर भडकले. "अहो, शुक्रवारी संध्याकाळी रिलीज असतं!"

"सूर्याशी बोलून बघा," बॅग उचलत नागावकर म्हणाले. "थोडं उशिरा मावळतोय का."

मग रिलीज गुरुवारी व्हायला लागलं. आमचेही शनिवार सुटले!

*

एकदा मोठ्या क्लायंटचा डेमो, आणि नेमके त्याच सकाळी नागावकर गायब. त्यांच्या समाजातले कुणी वारले होते.

"जवळचे होते का?" दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी विचारलं.

"छे, ओळखही नव्हती."

"मग डेमो सोडून गेलात?"

"डेमोला जोशी होता की! अंत्यविधीला नऊच पुरुष जमले होते. प्रार्थनेला दहा लागतात. दहावा कुठून आणायचा?"

जोशी म्हणजे मी. डेमो दिला, अडखळत! पण दिला.

*

तपासणीत एक बग सुटला म्हणून नवीन टेस्टर जयश्रीला मॅनेजर भर मीटिंगमध्ये झापत होते. ती रडायच्या बेतात. नागावकरांनी उठून प्रोजेक्टर बंद केला.

"बगवर बोलायचं तर बसतो. माणसाला चारचौघांत लाजवणं आमच्याकडे रक्त सांडण्यासारखं धरतात."

"अहो, अप्रेझल तोंडावर आलंय!" मी कुजबुजलो.

"म्हणून तर आत्ता बोललो. नंतर काय, कुणीही बोलेल!"

*

आमच्या टीममधला कांबळे खराडीतच, नागावकरांच्या सोसायटीत राहायचा. एका शनिवारी भर दुपारी त्याचे वडील जेवताना कोसळले. गाडीसाठी त्याने इतर सगळी दारं वाजवली, नागावकरांचं सोडून. शनिवारी ते गाडीच काय, दिव्याचं बटणही दाबत नाहीत हे त्याला माहीत होतं.

जिन्यातला गलका ऐकून नागावकरच धावत आले. हातात गाडीची किल्ली!

नगर रोडवर हॉर्न दाबून धरत, सिग्नल तोडत त्यांनी पुणे स्टेशनजवळचं हॉस्पिटल गाठलं. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले. कांबळेला रडू फुटलं.

"सर, माझ्यामुळे तुमचा शब्बाथ..."

"अरे, जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ थांबतो. आम्हाला असंच शिकवलंय." त्यांनी किल्ली कांबळेच्या हातात ठेवली. "गाडी राहू दे तुझ्याकडे."

"आणि तुम्ही कसे जाणार?"

"आता कुणाचा जीव धोक्यात आहे का?"

एवढं बोलून नागावकर त्या उन्हात आठ-नऊ किलोमीटरवरच्या खराडीकडे चालायला लागले.