वाल्पाराइसोची चढण

वेलिंग्टनमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई मूळच्या चिलीच्या, वाल्पाराइसो बंदरातल्या. फाटकाशी भेटल्या की 'किया ओरा' असा इथला माओरी नमस्कार करायच्या आणि आमच्या टेकडीकडे बघून नाक मुरडायच्या. "इथली घरं कशी गुपचूप उभी असतात. आमच्या गल्लीत भिंतींवर, जिन्यांवर, सगळीकडे चित्रं," असं सांगायच्या. गुडघे दुखायला लागल्यापासून मात्र तिकडे जायचं नाव त्यांनी सोडलं होतं.

ऑफिसच्या कामासाठी मी चिलीला निघाले, तेव्हा त्यांना विचारलं, "काय आणू तुमच्यासाठी?"

"काही नको. माझ्या गल्लीतून चालत वर जा आणि मला फोन लाव. बोलू मात्र नकोस."

मी तसंच केलं. फोन हातात धरून ते रंगवलेले जिने चढत राहिले. कुत्री भुंकत होती, एका खिडकीतून भांड्यांचा आवाज येत होता, खाली बंदरात बोटीचा भोंगा वाजला. फोनवर त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि तो हळूहळू जड होत गेला.

वर पोचल्यावर मी म्हटलं, "आले वर. ठेवू का फोन?"

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "मला दम खाऊ दे."