पांढऱ्या रबरावरचा ठिपका

कारखान्यात त्याला सगळे काजळ म्हणत आणि त्यानंही ते नाव अंगवळणी पाडून घेतलं होतं. उभा जन्म काळ्या रबरात गेला. इंजिनाचं तेल गळू नये म्हणून ज्या चकत्या बसवतात, त्यांचं रबर तो दोन लोखंडी रोलांमध्ये मळायचा. रबराला बळकटी यावी म्हणून त्यात काजळीची भुकटी पडे, आणि ती मेली भलतीच चिवट! साबण झाला, राख झाली, दगडानं घासून झालं. निघायची नाही म्हणजे नाही. घरी त्याच्या एकट्याच्या उशीला गडद निळा अभ्रा असे.

मग काळ्या मालाची मागणी घसरली. तेल पिणारी इंजिनंच कमी होत चालली, त्याला हा बिचारा काय करणार? भिंतीपलीकडच्या पांढऱ्या खात्याला मात्र श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तिथलं सिलिकॉन रबर भट्टीजवळ ठेवा की बर्फात, वितळत नाही आणि तडकतही नाही. वास नाही, चव नाही, शरीराला बाधत नाही. दवाखान्यातल्या नळ्या, बाळाच्या बाटलीची बोंडं, ओव्हनच्या दाराच्या पट्ट्या, जो तो तेच मागायचा. काळं खातं बंद करायचं ठरलं. पांढऱ्यात जागा मिळेल तो टिकेल, बाकीच्यांनी घरी बसायचं.

साहेबांच्या हातापाया पडून त्यानं तिथं काम करून दाखवण्याची संधी मिळवली. केस उतरवले, नखं मुळापासून कापली, बुटांपासून बनियनपर्यंत सगळं नवं घेतलं. बायकोनं तर त्याच संध्याकाळी निळा अभ्रा फेकून दिला आणि दोन्ही उशांना पांढरेशुभ्र अभ्रे चढवले.

"सुटलो बाई एकदाचे त्या काळ्यातून!" ती म्हणाली.

पहिल्याच दिवशी रोलांवरून पांढरी लादी उतरली आणि तिच्या मधोमध काळा ठिपका! नळ्यांच्या मालात ठिपका म्हणजे अख्खी लादी भंगारात. त्यानं रोल पुसले, टोपी बदलली, कोपरापर्यंत हात धुतले. दुसऱ्या दिवशी दोन ठिपके. त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"काका, हे येतंय तरी कुठून?" साहेब त्याच्यापेक्षा लहान, आवाज न चढवता बोलले.

"शपथेवर सांगतो साहेब, तिळाएवढं काळं नाहीये माझ्या अंगावर!"

एवढं बोलतोय तोच त्याला जोराची शिंक आली. तोंडावरचा मास्क घसरून हनुवटीवर आला. आतून तो काळ्या शिंतोड्यांनी भरला होता. दोघांनीही ते पाहिलं.

"तुमचा दोष नाही हो," साहेब म्हणाले. "पण ते आत बसलंय. आता राहू द्या."

दोष नाही म्हणे! मग घरी कोण बसणार, दोष?

तणतणतच तो भरदुपारी घरी आला. बायको आत भांडी घासत होती. अंथरूण अजून तसंच पडलेलं. त्याच्या उशीवर, नाक टेकतं तिथं, करडा डाग उमटला होता. तिच्या नजरेला पडायच्या आत त्यानं घाईघाईनं उशी उलटली.

खालच्या बाजूलाही तसाच डाग होता. काल सकाळी अंथरूण तिनंच आवरलं होतं.