मी त्यांना दादा म्हटलं

"मॅडम, हा तुमच्या गावचा ना? सांगा त्याला, मासेवाल्यांनी मागच्या दारानं यायचं. वास मारतोय सगळीकडे."

मुळशी धरणाकाठच्या एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर मी उभी होते. अंगात कोट, छातीवर नावाची पट्टी. बोलत होते ते मॅनेजर, पुण्याचे. आणि दारात कटला माशांची ओली पेटी खांद्यावर घेऊन उभा होता तो मासेवाला माझा नवरा होता.

पेटीतलं पाणी फरशीवर ठिबकत होतं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

"दादा, मागच्या दारानं या."

असं म्हणाले मी. नवऱ्याला. दादा.

त्यांनी खांद्यावरची पेटी सावरली. "व्हय मॅडम. चुकलं." आणि वळले.

किचनमधल्या गावच्या बायकांना आमचं नातं ठाऊक होतं. त्या कधी बोलल्या नाहीत. साहेबलोकांना ठाऊक नव्हतं. नोकरीच्या फॉर्मवर नवऱ्याचा व्यवसाय मी 'बिझनेस' लिहिला होता.

माहेरी-सासरी कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बारावी झाली आणि लग्न लागलं. पुढं बी.कॉम. याच माणसानं करवलं. पहाटे जाळं काढायचे, मासे विकायचे, मग मोटारसायकलवरून मला पौडला सोडायचे. पण कॉलेजच्या गेटपर्यंत कधी आले नाहीत. अलीकडच्या वळणावरच गाडी थांबायची. "हितनं जा चालत. माज्या अंगाला वास हाय."

मला ते बरं वाटायचं. लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटायचं.

त्या संध्याकाळी त्यांनी ताट पुढं केलं. "मॅडम, दादाला कालवण वाढा की." आणि हसले. मला हसू येईना. "सोड की येडे. पोटासाठी करतोय आपन."

तेव्हाच माफी मागायला हवी होती. म्हटलं, उद्या बोलू. त्या उद्याची दोन वर्षं झाली. दोन वर्षं ते मागच्या दारानं आले. चुकूनसुद्धा रिसेप्शनकडं बघितलं नाही.

मग एका सकाळी होडीतून उतरताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले. "पेशंटचं कोण आहे?"

"मी बायको!" ओरडलेच मी. परक्या माणसांसमोर पहिल्यांदा. ऐकायला ते नव्हते.

तेराव्यानंतर कामावर गेले. मॅनेजर हळहळले. "वाईट झालं मॅडम. मिस्टरांचा बिझनेस कसला होता?"

"मासे. तुमच्याच किचनला. मागच्या दारानं."

ते गोरेमोरे झाले. "अहो, आधी सांगायचं ना! तुमचे मिस्टर म्हटल्यावर आम्ही कशाला..."

"म्हणजे माझे नसते तर बरोबर होतं?"

पण मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. दार त्यांनी दाखवलं होतं. दादा मी म्हटलं होतं.

माझा फॉर्म मागून घेतला. 'बिझनेस' खोडलं, 'मासेमारी' लिहिलं.

आता मासे माझी थोरली नणंद आणते. पहिल्या दिवशी भावासारखीच ती मागच्या बाजूला निघाली होती. मी कोटासकट बाहेर गेले, पेटीचं एक टोक धरलं आणि सगळ्या लॉबीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "वन्सं, तिकडनं न्हाई. हितनं या."

फरशीवर पाणी ठिबकलं. मॅनेजर केबिनमधून बघत होते. नोकरी जायची असेल तर जाईल. पेटी उद्याही याच दारानं येणार.