उपडा पेला

बदलापूरला आमच्या शेजारचे काका जमिनीखालचं युरेनियम शोधणाऱ्या सरकारी खात्यात होते. दौऱ्यावरून आले की सांगायचे, "आधी खणत नाही रे आम्ही." जेमतेम हातभर खड्ड्यात प्लास्टिकचा पेला उपडा ठेवायचा, आत फिल्मचा तुकडा चिकटवायचा, वर माती लोटायची आणि निघून यायचं. खाली युरेनियम असलं, तर त्यातून निघून झिरपत वर येणारा वायू फिल्मवर सावकाश खुणा उमटवतो. "मध्येच उघडून बघितलं, की गेलं काम."

घरीही तेच. मी कुंडीतली कोय उकरून बघायला गेलो, की माझा हात धरायचे.

बाबा गेले आणि आई बोलेनाशी झाली. येणारा जो तो तिला बोलतं करायला बघायचा. काका मात्र संध्याकाळी दारात बसून तिच्यासोबत भाजी निवडायचे आणि काही न विचारता उठून जायचे. मला त्यांचा रागच यायचा.

बऱ्याच दिवसांनी एकदा आई म्हणाली, "भावजी, शेपूचे देठ एवढे लांब नका ठेवू."

मी दचकून तिच्याकडे बघितलं. काकांनी मानही वर केली नाही. "बरं, वहिनी," म्हणाले आणि देठ खुडत राहिले.