उभ्या गाडीतली हवा

विट्यात आमच्या गल्लीतली बहुतेक घरं अशीच. पुरुष माणूस यात्रेला येतं, दिवाळीला येतं आणि परत जातं. माझा नवरा कोइमतूरला असतो. त्यांचं तिथं गलाईचं दुकान आहे, म्हणजे जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करायचं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हाही ते तिकडंच होते. पुढं सासू-सासरे गेले, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आणि बंगल्यात मी एकटी राहिले.

दारातली गाडी त्यांनी मुलीच्या लग्नात घेतली. सुट्टीला आले की तेच चालवायचे. बाकी वर्षभर ती पत्र्याच्या शेडखाली उभी. "आठवड्यातनं एकदा चालू करत जा, न्हाईतर बॅटरी उतरंल," असं दर वेळी सांगून जायचे. त्यासाठी म्हणून मी गाडी चालवायला शिकले. रविवारी सकाळी बाहेर काढायची, गावाभोवती एक चक्कर मारायची आणि आणून लावायची. जायचं कुठंच नसायचं.

गेल्याच्या गेल्या वर्षी, थंडीत, एका रविवारी समोर पिवळा दिवा लागला. मी आतूनच फोन लावला.

"आवं, गाडीत दिवा लागलाय. कढईसारखं चित्र हाय, मधी उद्गारचिन्ह."

मागं भट्टीच्या पंख्याचा आवाज येत होता. "हवा कमी असंल. पंपावर जाऊन भरून घे," म्हणाले, आणि फोन ठेवला.

पंपावरच्या माणसानं विचारलं, "किती भरू?" मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, चाळीस भरतो. दिवा गेला, पण घरी येताना प्रत्येक गतिरोधकावर गाडी चेंडूसारखी उडाली.

दुपारी मी डॅशबोर्डच्या खणातलं पुस्तक काढलं. त्याचं प्लॅस्टिक कुणी फाडलंही नव्हतं. इंग्रजी होतं, पण मला वेळेला तोटा नव्हता. प्रत्येक चाकात, हवा भरायच्या नळीलाच आतून एक सेन्सर बसवलेला असतो, तो आतला दाब समोरच्या पडद्यावर कळवतो. रात्री गारठा पडला की हवा आकसते, म्हणून थंडीत सकाळी दिवा लागतो. गाडी पळवून आणली की चाकं तापतात आणि आकडा फुगतो. तेव्हा हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलवायच्या आधी. आणि किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या कडेला चिकटवलेलं असतं. तेहतीस. इतकी वर्षं त्याच दारातून मी आत-बाहेर करत होते.

हवा मोजायचा काटा आणि गाडीतच लावून चालणारा छोटा पंप मी मागवून घेतला. पार्सल आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसून चारही चाकांतली जादा हवा सोडली. शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "काय गं, मालक आल्यात काय?"

"न्हाई. हवा बघतीया."

त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि आत गेल्या.

उन्हाळ्यात तोच दिवा वेगळा वागायला लागला. आधी मिनिटभर लुकलुकायचा, मग लागून राहायचा. मागच्या डाव्या चाकाचा आकडा जाऊन तिथं नुसत्या रेघा आल्या. काट्यानं मोजलं तर हवा बरोबर होती. पुस्तकात लिहिलं होतं की दिवा आधी लुकलुकला तर दोष सेन्सरचा. हायवेला टायरची मोठी दुकानं आहेत म्हणून मी कऱ्हाडजवळ मलकापूरला निघाले. एवढ्या लांब एकटी पहिल्यांदाच. कडेगाव मागं पडलं तेव्हा ध्यानात आलं, मी कुठं आहे हे कुणालाच माहीत नाही, आणि संध्याकाळपर्यंत कुणी विचारणारही नाही.

दुकानदारानं टायर उतरवून सेन्सर दाखवला. काडेपेटीएवढा काळा तुकडा.

"ह्याचं सेल संपलंय. सेल बदलता येत न्हाई, आख्खं नवं घालावं लागंल."

"पण गाडी फिरलीच न्हाई फारशी."

"उभ्या गाडीतबी सेल उतरतंच, वहिनी. काही वर्षांत जायचंच. बाकीचे तीनबी जातील मागनं."

नवा सेन्सर बसवल्यावर त्यानं हातातल्या यंत्रावर गाडीला त्याची ओळख करून दिली. थोडं चालवून आणलं, रेघांच्या जागी आकडा आला. मला फार आनंद झाला. तो कुणाला तरी सांगावा म्हणून फोन केला.

"बरं झालं," ते म्हणाले. "जेवलीस का?"

"न्हाई अजून."

"जेवून घे. गिऱ्हाईक आलंय."

मी तिथल्या हॉटेलात जेवले. वाढप्यानं समोरच्या खुर्चीपुढंही पाण्याचा ग्लास ठेवला होता. मी तो उचलायला सांगितलं नाही.

दिवाळीला ते आले. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सांगलीला माझ्या मावसबहिणीकडं जायचं होतं. त्यांनी प्रत्येक चाकाला लाथ मारून पाहिली आणि म्हणाले, "हाय हवा." मी काटा आणून मोजली. पुढच्या उजव्यात अठ्ठावीस निघाली. पंप लावून तेहतीस केली. ते पायरीवर बसून बघत राहिले.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी न्हाई."

ते पायरीवरून उठले. मग किल्ली माझ्यापुढं धरली. "तूच चालव."

तासगावच्या अलीकडं ते म्हणाले, "पुढच्या वर्षी दुकान पुतण्याला देतो. इकडंच येतो कायमचा."

हे वाक्य ऐकायची मी वर्षानुवर्षं वाट बघितली होती. आता ऐकलं, आणि मनात पहिल्यांदा आलं ते हे, की हे दिवसभर घरात बसतील कुठं? स्वयंपाकघरात एकच खुर्ची ठेवलीय मी. मी नुसतं "बरं" म्हणाले. थोड्या वेळानं पाहिलं तर ते झोपले होते. सोनं शुद्ध करायच्या तेजाबानं पिवळी पडलेली बोटं मांडीवर पडली होती. मी गाडीचा वेग कमी केला.

त्यानंतर आणखी एक दिवाळी होऊन गेली. दुकान अजून त्यांच्याकडंच आहे.