अप्पा 'हाव' म्हणत नाही

भुताखेतावर माझा कधीच विश्वास नव्हता. उलट नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या मुखेडातली निम्मी भुतं मीच तयार केलेली – पिंपळावरची बाई तर पूर्ण माझी. माझ्या गोष्टीत गळाला लागलेली मरळ दर वर्षी पावशेर वाढते, हेही सगळ्यांना ठाऊक. त्यामुळं हसलात तरी चालेल. पण ह्यात पदरचं काही घातलेलं नाही... घालायला जागाच नाही.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता आणि वरून दुष्काळ. ऊन असं, की कोंबड्या उकडलेलीच अंडी देत होत्या. (बरं, हे घातलेलं आहे.) उदगीरच्या वाटेवर, दोन जिल्ह्यांच्या शिवेवर एक तलाव आटत आटत नुसता मधला डोह उरला होता. भोवती चिखल, मध्ये बेशरमीच्या झुडपांचं डोक्याइतकं उंच रान, आणि सगळ्या मरळी त्या डोहात गोळा. मी काठाकाठानं चालत गळ टाकायचो. माझा दोस्त अप्पा ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून, हातात स्लिपरा घालून वल्हवत आत जायचा.

अप्पाचं उदगीरला किराणा दुकान. गळ्यात लिंग, घर कडक शाकाहारी. मासा खायचा नाही, पण धरायचा नाद भारी. धरायचा, त्याच्याकडं बघून खूश व्हायचा, सोडून द्यायचा.

"नांदेडवाल्या, ही मरळ आता लातूर जिल्ह्याची हाय. हात लावू नको."

"मग रहिवासी दाखला माग की तिला," मी.

त्याला पोहता येत नव्हतं. म्हणून आमचा कायदा ठरलेला – तो झुडपामागं गेला की मी ओरडायचं, "अप्पा, हाय का?" आणि त्यानं म्हणायचं, "हौदु." आमच्या मुखेडात 'हो'ला 'हाव' म्हणतात, पण त्याच्या घरची बोली कन्नड; 'हौदु'शिवाय त्याच्या तोंडी दुसरा शब्दच नाही.

त्या दुपारी मी गळाला बेडूक लावून हाक दिली.

"अप्पा, हाय का?"

"हाव."

बरं वाटलं. जरा वेळानं पुन्हा विचारलं. "हाव." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा एक मरळ दोरी ओढून राहिली होती, निम्मं लक्ष तिच्यात. "हाव." मरळ सुटली... आणि मग डोक्यात शिरलं. हाव? अप्पा?

काठी टाकून पळालो. आवाज डावीकडून येत होता. तिकडं नुसती बेशरम, खाली भेगाळलेली माती. उजवीकडं ट्यूब रिकामी तरंगत होती आणि तिच्या पलीकडं अप्पा छातीपर्यंत चिखलात, ओरडायचा दमही संपलेला. पोटावर सरपटत गेलो, ट्यूब पुढं ढकलली, त्याला तिच्यावर ओढून घेतलं. आणि मागं, कुणी काही विचारत नसताना, चालूच – "हाव... हाव..."

काठावर अप्पा गळ्यातलं लिंग मुठीत धरून बसला.

"बेअक्कल, उतरलास कशाला?"

"तूच म्हणालास ना. 'अप्पा, इथं उतर. टणक हाय.'"

"मी तर तुला हाका मारून राहिलो होतो."

"त्या ऐकूच आल्या न्हाईत." त्यानं तोंडावरचा चिखल पुसला. मग म्हणाला, "मलाच कळायला पाहिजे होतं. तू कधी येवढं थोडक्यात बोलतोस का?"

दोघंही हसलो. हसून झाल्यावर मात्र एकमेकांकडं बघवेना. त्या तलावावर पुन्हा गेलो नाही.

लोक म्हणाले उन्हाचा चटका, पक्षी, घुमलेला आवाज... ह्याहून चांगली कारणं मी स्वतः बनवतो. एकही पटलं नाही.

आता अप्पा थकलाय. अधूनमधून फोन करून मी तेच विचारतो, "अप्पा, हाय का?" तो तेच म्हणतो, "हौदु." आज संध्याकाळी केला. आवाज त्याचाच.

"हाव."

पुढं काही नाही. मी फोन ठेवला. त्याच्या मुलाला फोन लावला.

"काका, बाबा घरी दुपारपासून झोपून हायत. त्यांचा फोन दुकानात माझ्यापाशी हाय. वाजलाच न्हाई."

"उठव त्यांना. आत्ता."

तो फोन घेऊन घरी गेला. बऱ्याच वेळानं अप्पाचा चिडका आवाज आला – "हौदु रे, हौदु. मेलो न्हाई अजून." तेव्हा कुठं मी खाली टेकलो.

आधी कोण बोललं, मला सांगता येत नाही. त्या दिवशीचंही सांगता आलं नव्हतं. अप्पाला फक्त एवढंच बजावलं – माझ्या आवाजात कुणी थोडक्यात बोलावलं, तर जाऊ नको.